भाऊ म्हणतो, ‘मला आवाज येतात’

प्रश्न : भाऊ २२ वर्षांचा. दीड महिन्यापासून कोणी नसताना त्याला आवाज ऐकू येतात. पाळत ठेवतात म्हणून त्याने खिडक्यांना कागद चिकटवलेत. डॉक्टरांचं नाव काढलं की चिडतो.

उत्तर : दीड महिना झालाय, आता थांबू नका, याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ‘हे सगळे भास आहेत’ असा वाद घालू नका, त्याने संशय पक्का होतो. ‘तुला झोप लागत नाही, त्रास होतोय, त्यासाठी जाऊ’ म्हणा. तरीही आला नाही, तर आधी तुम्ही एकटे जाऊन भेटा.

सोबत कागदावर लिहून न्या : सुरुवात कधी, झोप किती तास, गांजा-दारू, चालू औषधं, घराण्यात कुणाला असा त्रास. थायरॉइड, बी-१२ अशा तपासण्या सांगतील, कारण शारीरिक आजारातही भास होतात.

गोळ्यांनी झोप काही दिवसांत सुधारते. आवाज ओसरायला बहुधा काही आठवडे लागतात. बरं वाटताच गोळ्या बंद करणं, इथेच बहुतेकांची गाडी घसरते. गोळ्यांमुळे मान आखडली, डोळे वर फिरले, तर डॉक्टरांना लगेच कळवा. त्यावर औषध असतं.

आवाज ‘जीव दे’ किंवा ‘मार’ सांगत असतील, खाणंपिणं सुटलं असेल, ताप येऊन तो बरळत असेल, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याला एकटं न सोडता थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या.