वाहतूक कायदा : दंडाचे आकडे पाठ करण्यापेक्षा वेगळे काही

आदरणीय काका, सप्रेम नमस्कार.

आपले औंढा नागनाथहून आलेले पत्र मिळाले. बी. ए. झालेला आपला मुलगा पोलीस शिपाई म्हणून निवडला गेला, सध्या जालन्याच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात आहे आणि मोटार वाहन कायद्याच्या चाचणीत त्याला सर्वांत कमी गुण मिळाले, असे आपण लिहिता. कलमे आणि दंड पाठ होत नाहीत, शिवाय ‘पुढे पावत्याच फाडायच्या, तर एवढा अभ्यास कशाला’ असे तो म्हणतो. तेव्हा हा विषय उत्तीर्ण होण्यापुरता करून त्याने आतापासूनच उपनिरीक्षक परीक्षेकडे लक्ष द्यावे का, असा आपला प्रश्न आहे.

माझे स्पष्ट मत आहे की त्याने हा विषय सोडू नये, मात्र अभ्यासाची रीत बदलावी. दंडाचे आकडे पाठ करणे हा या विषयातला सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील मोठी दुरुस्ती देशात १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली, पण तडजोड शुल्काचे, म्हणजे खटल्याऐवजी जागेवर घेतल्या जाणाऱ्या दंडाचे, नवे दर महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये आले, कारण कलम २०० नुसार ते ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. जो आकडा अधिसूचनेने बदलतो तो पोलिसाच्या हातातील ई-चलान यंत्रात दिसतोच. गुन्हा कशाने सिद्ध होतो आणि आपल्याला कोणता अधिकार आहे, हे मात्र शिपायाला स्वतःच ओळखावे लागते.

एक उदाहरण घेऊ. गळीत हंगामात आपल्याकडे परभणी-जिंतूर रस्त्यावर रात्री उसाची ट्रॉली बिनदिव्याची उभी असते आणि मागून येणारा दुचाकीस्वार तिच्यावर आदळून जागीच मरण पावतो, असे समजा. मागून धडकला म्हणजे चूक त्याचीच, असे लोक तिथल्या तिथे बोलून मोकळे होतात. परंतु वाहन किंवा ट्रॉली धोका होईल अशा स्थितीत उभी करण्यास कलम १२२ ने मनाई आहे, आणि हयगयीमुळे मृत्यू झाल्याचे दिसले तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ (१) लागते, ज्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे ठरणार कशावरून, तर ट्रॉलीला मागे परावर्तक पट्टी होती का, ती डांबरावर किती आत उभी होती, मागे दगड किंवा दिवा ठेवला होता का, ब्रेकच्या खुणा कुठून सुरू होतात, यांवरून. गर्दीने ट्रॉली बाजूला ढकलली की यातले निम्मे पुरावे संपतात, आणि तिथे पहिला पोहोचणारा माणूस बहुधा शिपाईच असतो. आपल्या मुलाने ही एकच घटना घेऊन तिला लागणारी सगळी कलमे स्वतः शोधून लिहिली, तर ती त्याला पाठ करावी लागणार नाहीत.

मृताच्या घरचे पुढे काय भोगतात, हेही याच अभ्यासात आहे आणि मला तो भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे द्यावा, असे २०२२ पासून लागू झालेले नियम सांगतात. नातेवाइकांना भरपाईचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. धडक देऊन पळालेले वाहन सापडलेच नाही, तरी मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये भरपाईची तरतूद आहे. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला हे कोण सांगणार? ठाण्यातल्या शिपायाने नीट सांगितले, तर वकिलाकडे जाण्याआधीच त्यांचा अर्धा मार्ग मोकळा होतो. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, हे कलम १३४-अ चे संरक्षणही त्याला ठाऊक असले पाहिजे, कारण आपल्या गावांत लोक मदतीला कचरतात ते ठाण्याच्या फेऱ्यांच्या भीतीने.

अधिकाराच्या बाबतीतही असेच आहे. मद्यपान करून वाहन चालवण्याच्या गुन्ह्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल ही मर्यादा सर्वांना माहीत असते, पण श्वासाची चाचणी घेणारा पोलीस अधिकारी गणवेशात असावा लागतो, ही कलम २०३ मधली अट विसरली जाते आणि बचाव पक्षाचा वकील नेमकी तीच विचारतो. अल्पवयीन मुलगा दुचाकीसह सापडला, तर कलम १९९-अ खाली पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. हे परिणाम माहीत असलेला शिपाई अशा मुलाला ओळखीखातर सोडून देताना दहादा विचार करील.

उपनिरीक्षक परीक्षेबद्दल थोडक्यात सांगतो. पदवी असल्याने ती वाट त्याला उघडी आहे आणि प्रशिक्षण संपल्यावर त्याने ती जरूर धरावी. तिथे आणि पुढे तपास अधिकारी म्हणून हाच कायदा पुन्हा समोर येईल. महामार्ग पोलिसांतही या अभ्यासाचे चीज होते. परिवहन विभागातील सहायक मोटार वाहन निरीक्षक हे पद मात्र त्याच्यासाठी नाही, कारण त्याला यांत्रिकी किंवा ऑटोमोबाईल अभियांत्रिकीची पदविका लागते.

शेवटी पुस्तकाविषयी. आपण गावातून पाठवलेल्या मार्गदर्शकात बेदरकारपणे वाहन चालवण्यासाठी कलम २७९ आणि हयगयीच्या मृत्यूसाठी ३०४-अ छापले असेल, तर ते जुन्या दंडसंहितेचे आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना अनुक्रमे न्याय संहितेची २८१ आणि १०६ (१) ही कलमे लागतात. अपघातानंतर न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारे १०६ (२) हे पोटकलम त्या तारखेला लागू करण्यात आले नाही, आणि परीक्षेत नेमका तिथे गोंधळ होतो. तेव्हा ते मार्गदर्शक परत मागवून त्याला मोटार वाहन कायद्याची दुरुस्त्यांसह असलेली मूळ प्रत आणि एक कोरी वही पाठवावी. रोजच्या वर्तमानपत्रातील अपघाताची एक बातमी वहीत चिकटवून, तिथे आपण पहिले पोहोचलो असतो तर काय नोंदवले असते, हे त्याने खाली लिहावे. महिन्याभरात ती वही भरली, तर मला जरूर पाठवावी. मी ती वाचून सविस्तर लिहीन.