शेजारच्या वाळूच्या खड्ड्याने विहीर आटली, आणि ठेकेदार म्हणतो 'खड्डाच शेततळं म्हणून घ्या'. सही करू का?

दादा, तुमचा मेल दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. गोदाकाठी अंबड तालुक्यात यांची भावासोबत सामाईक बागायत आहे, मोसंबी आणि एक जुनी विहीर. शेजारच्या गटात ठेकेदाराने वाळू-गोटे काढायला घेतले, पोकलेनने खणता खणता पाणी लागलं तरी थांबले नाहीत, आता दोन मोठ्या मोटरी रात्रंदिवस पाणी उपसून ओढ्याला सोडतात आणि थोडं तिथंच वाळू धुवायला वापरतात. दिवाळीनंतर यांची चार तास चालणारी मोटर पाऊण तासात हवा ओढायला लागली. विचारायला गेले तर ठेकेदार म्हणे आमचं काम संपलं की खड्डा पाण्याने भरलेला राहील, फुकटात शेततळं, हवं तेवढं पाणी उचला, फक्त पाचशेच्या बॉन्डवर 'आमची काही हरकत नाही' एवढी सही द्या.

सही देऊ नका. भाऊबंदांपैकी कुणालाही देऊ देऊ नका, आणि आधीच कुणी दिली असेल तर आजच मला कळवा.

कारण बघा, खड्डा शेजाऱ्याच्या गटात आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून कायम पाणी उचलायचा हक्क हा जमिनीतला हक्क असतो, तो ठेकेदार देऊच शकत नाही, मालकाने द्यावा लागतो, तोही रजिस्टर दस्ताने. ठेकेदार काम संपवून जाईल, उद्या शेजाऱ्याने जमीन विकली की नवा मालक पाईप काढून बांधावर फेकेल आणि तुमच्या हातात राहील तो बॉन्ड. दुसरं म्हणजे त्या खड्ड्यातलं पाणी नवं नाहीच. शेततळ्याला खाली प्लास्टिकचा कागद असतो, पावसाचं पाणी साठवतो आपण. इथं अस्तर नाही काही नाही, तुमच्या विहिरीला जो झरा येतो तोच तिथं उघडा पडलाय आणि एप्रिल-मेच्या उन्हात रोज उडून जाणार. अमेरिकेत कोलोरॅडोच्या सुप्रीम कोर्टाने १९८८ साली असं ठरवलं की खडी-वाळूच्या खड्ड्यात भूजल उघडं पडलं तर तो खड्डा म्हणजे विहीरच, त्यामुळे तिथं खाणवाल्याला परवाना लागतो आणि वाफ होऊन जाणारं पाणी दुसरीकडून आणून नदीला भरून द्यावं लागतं, नाहीतर खड्ड्याभोवती मातीची भिंत घालून तो भूजलापासून तोडावा लागतो. आपल्याकडे इतका थेट नियम असता तर तुमचं काम एका अर्जात झालं असतं, मला मनापासून वाटतं तो यायला हवा.

आता आपल्या कायद्यात कुठं उभं राहायचं ते सांगतो, कारण इथंच बरेच शेतकरी चुकीच्या दारात जातात. तुम्ही लिहिलंय 'माझ्या हक्काचं पाणी चोरलं म्हणून दिवाणी दावा टाकतो'. थांबा. १८८२ च्या ईझमेंट अ‍ॅक्टच्या (सुविधाधिकार कायदा) कलम ७ मध्ये स्पष्ट उदाहरण आहे की जमिनीखाली ठराविक प्रवाह नसलेलं, झिरपणारं पाणी ज्याच्या जमिनीत आहे त्याने गोळा करावं, विल्हेवाट लावावी, तो त्याचा हक्क. समोरचा वकील पहिल्याच तारखेला हेच दाखवेल. म्हणून पाणी कुणाचं या वादात शिरायचंच नाही, खड्डा कोणत्या परवानगीने आणि कोणत्या अटींवर खणला इथं धरायचं.

जमीन शेजाऱ्याची असली तरी महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे वाळू सरकारची. खड्डा लहान आहे म्हणून पर्यावरण मंजुरी लागत नाही असं ठेकेदार म्हणतो ते सोडून द्या, दीपक कुमार प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २७ फेब्रुवारी २०१२ ला पाच हेक्टरच्या आतल्या लीजलाही ती लागते असं सांगितलंय. एक शंका मला आहे. पुरानंतर शेतात साचलेली वाळू शेतकऱ्याने काढली तर मंजुरीत सूट आहे, बहुतेक त्याच नावाखाली कागद काढला असेल. पण ती सूट वर साचलेली वाळू उचलायला आहे, पाणी लागून पुढं खणायला नाही. नदीपात्रात तर केंद्राच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ३ मीटर किंवा पाणी लागेल तिथपर्यंत, यातलं जे कमी तेवढंच. खड्डा पात्राबाहेर असेल तर त्याच्या परवानगीत खोली किती लिहिलीय ते बघायचं. शिवाय खाणीतून भूजल उपसायचं तर केंद्रीय भूजल प्राधिकरणाची एनओसी (ना हरकत दाखला) लागते, २४ सप्टेंबर २०२० ची अधिसूचना आहे. तहसील आणि जिल्हा खनिकर्म अधिकारी दोन्हीकडे माहिती अधिकारात परवानगी, नकाशा, खोली, रॉयल्टीच्या पावत्या आणि ही एनओसी मागा. परवानगीपेक्षा जास्त खणलं असेल तर तेवढं उत्खनन अवैध, कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो, आणि हे ठेकेदाराला चांगलं माहीत असतं.

पण दादा, सगळ्यात आधी विहीर मोजा, केस जिंकायची ती याच्यावर. 'पाणी कमी झालं' एवढ्यावर कुणी ऐकत नाही, दुष्काळ आहे म्हणून मोकळे होतात. दोराला दगड बांधा, काठापासून पाण्यापर्यंत मोजा, दर रविवारी एकाच वेळेला, मोटर किमान बारा तास बंद ठेवून, आणि वहीत तारखेसह लिहून शेजारच्या दोघांच्या सह्या घ्या, फोटोत टेप दिसला पाहिजे. त्यांच्या मोटरी एखादवेळी बंद पडल्या तर त्या दिवशीची पातळी जरूर घ्या, त्यांचा उपसा थांबल्यावर तुमची विहीर वर येते हे दिसलं तर त्याहून मोठा पुरावा नाही. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे ना ते बघा, नसेल तर तलाठ्याकडे अर्ज टाका. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या (जीएसडीए) निरीक्षण विहिरी असतात, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरला मोजतात, तुमच्या जवळच्या विहिरीचे मागच्या पाच वर्षांचे आकडे मागा. त्या विहिरीत पाणी ठीक आणि फक्त तुमच्याच विहिरीची पातळी खाली गेलीय असं निघालं तर दुष्काळाचं कारण तिथंच संपलं.

हे जमवता जमवता कलेक्टरना लेखी अर्ज द्या, प्रत तहसीलदार आणि जीएसडीएला, पोच घ्या, आणि त्यात तीनच मागण्या ठेवा: उपसा लगेच बंद करा, जीएसडीएकडून संयुक्त पाहणी करून पंचनामा करा, पाहणी होईपर्यंत बागेला पाणी ठेकेदाराच्या खर्चाने द्या. काही हललं नाही तर पुण्याला एनजीटी, म्हणजे राष्ट्रीय हरित लवाद. तिथं मुदत कडक आहे, बंद करा म्हणायला कारण पहिल्यांदा घडलं तिथून सहा महिने, फार तर आणखी ६० दिवस. नुकसान भरपाईला पाच वर्षं. तुमचं दिवाळीपासून धरलं तर वेळ आहे पण मोसंबीच्या बहाराची वाट बघत बसायला नाही.

तडजोड करायचीच असेल तर करा, मी नको म्हणणार नाही, बाग वाळल्यावर निकाल लागून काय करायचंय. पण मग शेजारी-मालकालाही सोबत घेऊन रजिस्टर करार, उपसलेलं पाणी ओढ्याला न सोडता तुमच्या बांधालगतच्या चरात सोडायचं म्हणजे ते जमिनीत मुरेल, वाळू धुतलेलं गढूळ पाणी अजिबात नाही कारण त्याच्या गाळाने चर बुजतो, आणि विहीर ठराविक पातळीच्या खाली गेली की उपसा बंद, हे वाक्य करारात हवंच.

धाकटा भाऊ वाळूचा हायवा (डंपर) अडवायचं म्हणतोय असं लिहिलंय, त्याला आवरा. गाडी अडवली की गुन्हा तुमच्यावर दाखल होतो आणि तुमचा अर्ज बाजूला पडतो. रात्री गाड्या निघाल्या तर लांबून तारीख-वेळेसह व्हिडिओ घ्या, नंबर दिसला पाहिजे, आणि तहसीलच्या पथकाला कळवा. सातबारा सामाईक आहे तेव्हा कलेक्टरच्या अर्जावर त्याचीही सही घ्या.