आधी एका ऑर्डरचा हिशोब

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. हाताने बांधलेल्या वह्या ऑनलाइन विकायचा तुझा विचार मला आवडला. नाव काय ठेवावं, लोगो कसा असावा, वेबसाइटची थीम कोणती घ्यावी, यावर तू भरभरून लिहिलं आहेस. पण ती वही घेणार कोण आणि विकल्यावर तुझ्या हातात उरणार काय, याबद्दल पत्रात एक ओळही नाही. म्हणून नावालोगोचं लगेच उरकतो. बोलायला आणि टाइप करायला सोपं असेल ते नाव घे, लोगो साध्या अक्षरांत कर, आणि या सगळ्यावर एका संध्याकाळपेक्षा जास्त वेळ घालवू नकोस.

१९९९ साली अमेरिकेत निक स्विनमर्न याला ऑनलाइन बूट विकायचे होते. पायात घालून पाहिल्याशिवाय बूट कोण घेईल, अशी शंका तेव्हा कुणीही काढली असती. त्याने गोदाम घेतलं नाही, माल भरला नाही. बुटांच्या दुकानांत जाऊन फोटो काढले, ते साइटवर टाकले, आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातून दुकानाच्याच किमतीला बूट घेऊन पाठवू लागला. त्यात कमाई नव्हती. पण लोक न घालता बूट घेतात की नाही, हे त्याला कळलं. हीच पुढे झापोस कंपनी झाली आणि २००९ मध्ये ॲमेझॉनने ती विकत घेतली.

खुद्द ॲमेझॉनचे सुरुवातीचे दिवस असेच जुगाडाचे होते. १९९५ मध्ये साइट सुरू झाली तेव्हा पुस्तकं ऑर्डरप्रमाणे वितरकाकडून मागवली जात, आणि वितरकाची अट होती की एका वेळी किमान दहा पुस्तकं मागवा. हवं असायचं एक. जेफ बेझोस सांगतात की, वितरकाच्या यादीत असलेलं पण साठ्यात नसलेलं दगडफुलावरचं एक पुस्तक त्यांनी शोधून काढलं. मग हवं ते एक पुस्तक आणि दगडफुलाच्या नऊ प्रती अशी ऑर्डर जायची, आणि यायचं ते एकच. मला ही गोष्ट फार आवडते, कारण यात यंत्रणा उभी राहायच्या आधी गिऱ्हाईक आलेलं आहे.

तूही तसंच कर. दोन-तीन प्रकारच्या थोड्या वह्या बांध, दिवसाच्या उजेडात फोटो काढ, एक साधा ऑनलाइन फॉर्म आणि पैसे भरायची लिंक ठेव. ऑर्डर आली की स्वतः मेसेजला उत्तर दे, स्वतः पॅक कर. वेबसाइट नंतर होईल, आणि झाली की तिच्यात काय हवं हे तोवर तुला कळलेलं असेल. २००९ मध्ये लोकांच्या घरातल्या खोल्या प्रवाशांना भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या साइटचे संस्थापक न्यूयॉर्कमध्ये घरोघर जाऊन यजमानांच्या खोल्यांचे फोटो काढत होते. हजारो घरांना ते पुरं पडणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. पण कोणता फोटो पाहून लोक बुकिंग करतात हे त्यांना तिथे कळलं.

आता गिऱ्हाईक. ओळखीच्यांनी घेतलेल्या वह्या विक्रीत धरू नकोस. ते तुझ्यावरच्या प्रेमापोटी घेतात आणि दुसऱ्यांदा घेत नाहीत. ‘मी अशी वही काढली तर घ्याल का?’ हा प्रश्नही सोडून दे, त्याला कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. त्याऐवजी घडून गेलेलं विचार. शेवटची वही कधी घेतली, कुठून घेतली, ती संपली की अर्धी पडून आहे, तिच्यात काय खटकलं? वीसेक अनोळखी माणसांशी असं बोललास तर उत्तरांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा येऊ लागतील. फाउंटन पेनने लिहिणाऱ्यांची एक तक्रार मला माहीत आहे: शाई कागदावर पसरते आणि मागच्या पानावर उमटते. जलरंगात स्केचिंग करणाऱ्यांना कागद सुरकुततो याचा त्रास होतो. ‘सगळ्यांसाठी सुंदर वही’ घेऊन बाजारात उतरलास तर स्वस्त कारखानी वह्यांच्या गर्दीत हरवशील. ‘शाई मागे न उमटणारी, टेबलावर सपाट उघडी राहणारी वही’ म्हटलंस की ज्याला हवी तो थांबून पाहील. ही माणसं आधीपासून कुठे एकत्र येतात ते शोध आणि तिथे आधी नुसतं ऐक.

आता हिशोबाकडे येतो. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी कागद-पेन घेऊन वाच.

समज, एक वही शंभराला विकलीस. चलन कुठलंही धर, आकडे उदाहरणाचे आहेत, तुझे तू भर. कागद, पुठ्ठा, दोरा, कापड मिळून २८ गेले. पॅकिंगला ५, कुरियरला १५, पेमेंट गेटवेला, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या सेवेला, ३. काही वह्या वाटेत खराब होतील, काही परत येतील, त्यासाठी ५ बाजूला ठेव. उरले ४४. मोठ्या मार्केटप्लेसवर विकलीस तर त्यांचं कमिशन समज १२, म्हणजे उरले ३२. तुझ्या मेहनतीचे पैसे अजून धरलेलेच नाहीत.

आता स्वतःच्या साइटवर जाहिरात लावलीस. एका क्लिकला १ पडतो आणि शंभर जण आले की त्यातले दोघं घेतात असं धरू. नवख्या दुकानासाठी हा काही वाईट आकडा नव्हे. म्हणजे एक ऑर्डर मिळवायला ५० लागले आणि हातात होते ४४. प्रत्येक वहीमागे ६ चा तोटा. महिन्याला दहा वह्या विकल्यास तर तो जाणवतही नाही. हजार विकल्यास की सहा हजारांचा खड्डा पडतो, आणि विक्री वाढतेय म्हणून त्याच काळात तू सर्वांत खूश असतोस! धंदा वाढवणं म्हणजे एका ऑर्डरमध्ये जे काही आहे ते गुणणं. तिथे तोटा असेल तर तोटाच गुणला जातो.

मोठ्यांचंही असंच झालेलं आहे. पाळीव प्राण्यांचं सामान विकणाऱ्या पेट्स डॉट कॉमने जानेवारी २००० मध्ये सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात महागडी जाहिरात केली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दुकान गुंडाळलं. वस्तू खरेदीपेक्षा कमी भावात विकत होते, वर जड पिशव्या पाठवायचा खर्च. घरपोच किराणा देणारी वेबव्हॅन नोव्हेंबर १९९९ मध्ये शेअर बाजारात आली आणि जुलै २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. पुरेशा ऑर्डरी जमण्याआधीच त्यांनी प्रचंड यांत्रिक गोदामं उभारायला घेतली होती. कल्पना वाईट नव्हत्या. आज दोन्ही वस्तू लोक सर्रास ऑनलाइन घेतात.

तुझ्या ६ च्या तोट्यावर काय करायचं? लोकांना पहिला सुचतो तो उपाय म्हणजे किंमत कमी करणं, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. त्याऐवजी तीन वह्यांचा संच करून पाहा. ३०० आले, साहित्य ८४, गेटवे ९, खराबी आणि परतावा १५. पॅकिंग मात्र १५ नाही, एकाच खोक्यात ८ मध्ये होईल, आणि कुरियर ४५ ऐवजी २० च्या आसपास. उरले १६४. तेवढ्याच लोकांनी घेतला तर जाहिरातीचे ५० वजा जाऊन ११४ हातात राहतात. तेवढे जण घेतीलच असं नाही, पण निम्म्यांनी घेतला तरी तू तोट्यातून बाहेर आहेस. दुसरा उपाय म्हणजे तेच गिऱ्हाईक परत येणं. वही संपते, हे तुझ्या वस्तूचं भाग्य आहे. दुसऱ्या खेपेला जाहिरातीचे ५० लागत नाहीत. म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाची तारीख लिहून ठेव, आणि वही संपायच्या सुमारास त्याला विचार.

सुरुवातीच्या आकड्यांनी गडबडून जाऊ नकोस. चाळीस जण आले आणि कुणीच घेतलं नाही, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. संख्याशास्त्रात यासाठी एक सोपा ठोकताळा आहे: अमुक इतक्या लोकांत एकदाही घडलं नाही, तर खरा दर जास्तीत जास्त तीन भागिले ती संख्या एवढा असू शकतो, साधारण ९५ टक्के खात्रीने. चाळिसात शून्य म्हणजे खरा दर साडेसात टक्क्यांपर्यंतही असू शकेल. तीनशेत शून्य असेल तर तो एक टक्क्याच्या वर नसावा. तिथे मात्र थांबून वस्तू, किंमत किंवा माणसं यांतलं काय चुकतंय ते पाहा. चाळिसाव्या माणसानंतर साइटचा रंग बदलत बसणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

वस्तू कार्टमध्ये टाकून लोक निघून जातात, त्याचंही मनाला लावून घेऊ नकोस. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या बेमार्ड इन्स्टिट्यूटने अशा सोडून दिलेल्या कार्टांच्या वेगवेगळ्या पाहण्यांची सरासरी काढली, ती ७० टक्क्यांच्या आसपास येते. बरेच जण नुसते बघायला आलेले असतात. जे खरंच घेणार होते ते बहुतेक दोन ठिकाणी अडतात: शेवटच्या पायरीवर अचानक वाढलेला खर्च, आणि खातं उघडायची सक्ती. कुरियरचा खर्च पहिल्याच पानावर लिही आणि खातं मागू नकोस.

सोशल मीडियावर जरूर जा, पण ती भाड्याची जागा आहे हे ध्यानात ठेव. मालक नियम बदलतो तेव्हा भाडेकरूला विचारत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने शोधाची पद्धत बदलली आणि कित्येक साइटींकडे येणारी माणसं रातोरात आटली. व्हाइन या छोट्या व्हिडिओंच्या ॲपवर लाखो फॉलोअर्स जमवलेल्यांना ऑक्टोबर २०१६ मध्ये कळलं की ते ॲपच बंद होणार आहे. ज्यांनी घेतलं आणि ‘कळवत जा’ म्हणून ईमेल दिला, त्यांची यादी मात्र तुझी. छोट्या जाहिरातींची साइट क्रेगलिस्ट १९९५ मध्ये सुरू झाली तीही क्रेग न्यूमार्क मित्रांना पाठवायचे त्या ईमेल यादीतूनच. परवानगीशिवाय मात्र कुणालाही यादीत घालू नकोस. आणि ‘तीस दिवसांत घरबसल्या कमाई’ शिकवणाऱ्यांचं दुकान नीट बघ. त्यांचा माल म्हणजे तो कोर्स, आणि गिऱ्हाईक तू.

काम वाढलं की आधी पॅकिंग दुसऱ्याकडे दे, मग हिशोब. गिऱ्हाइकांना उत्तरं देणं सगळ्यांत शेवटी सोड, कारण पुढे काय विकायचं ते तिथेच समजतं. कॅनडात टोबी लुट्के यांनी २००४ मध्ये स्नोबोर्ड विकणारं ऑनलाइन दुकान काढलं. त्यासाठी मनासारखं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून स्वतः लिहिलं. पुढे त्या सॉफ्टवेअरचाच धंदा झाला आणि २००६ मध्ये इतरांना ऑनलाइन दुकान थाटून देणारं शॉपिफाय आलं.

नोकरी आत्ता सोडू का, असं तू विचारलं आहेस. नको. धंद्याचं बँक खातं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेव, करासाठीचा वाटा पैसे येतील तसा बाजूला काढ, आणि अनोळखी गिऱ्हाइकांकडून सलग काही महिने तुझ्या घरखर्चाइतकं उरायला लागलं की आपण पुन्हा बोलू. कर्ज काढून माल भरायचा विचारही तोवर लांब ठेव.

एक राहिलं. कुरियरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोक्याचा आकारही धरतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बऱ्याचदा ५००० ने भागतात, आणि येणारे किलो खऱ्या वजनापेक्षा जास्त असतील तर त्याचे पैसे लावतात. वहीचा आकार पक्का करण्याआधी हे गणित करून बघ. कागद किती जाडीचा घेणार आहेस आणि एका वहीत किती पानं, हे तू लिहिलेलं नाहीस. ते कळव, म्हणजे वरच्या हिशोबात कुरियरच्या माझ्या १५ च्या जागी तुझा खरा आकडा घालता येईल.

तुझा स्नेही