'लोकेटर' म्हणजे जागा शोधणारा नव्हे!

प्रश्न असा आहे: मध्ययुगीन पोलंडमधल्या नगरांविषयी वाचताना 'लोकेटर' भेटतो, त्याला मराठीत 'स्थाननिर्धारक' म्हणावं का?

मुळीच नाही. हे असले शब्द भाषांतरांत वारंवार भेटतात आणि दर वेळी संताप येतो. लॅटिन 'लोकारे'चा व्यवहारातला अर्थ मक्त्याने देणं, भाड्याने लावणं. त्यावरूनच 'लोकेटर', लॅटिनमध्ये लोकाटोर. तो राज्यकर्त्याशी करार करून नगर वसवायचा, जमिनीचे तुकडे पाडून वसाहतकऱ्यांना द्यायचा, त्यांना सुरुवातीची काही वर्षं करमाफी मिळायची. १२४१च्या मंगोल स्वारीत पोलंडमधलं क्राकूव्ह शहर उद्ध्वस्त झालं. १२५७ साली ड्यूक बोलेस्वाव्हने तिथे माग्डेबुर्ग या जर्मन शहराच्या नगरकायद्यावर नवं नगर वसवायची सनद दिली, ती अशाच तिघा लोकाटोरांना. दोनशे मीटर लांबी-रुंदीचा तो प्रसिद्ध चौक तेव्हाचाच.

आपल्याकडे यासाठी 'शेटे' आहे. शेटे म्हणजे फक्त बाजाराचा अधिकारी, असं काही इतिहासकार ठासून सांगतात. मला ते साफ अमान्य आहे. कौल घेऊन पेठ वसवायची, उदमी आणायचे आणि बदल्यात शेटेपणाचं वतन घ्यायचं, हेच तर लोकाटोर करत होता! त्याचंही वतन वंशपरंपरागत होतं.

लोकाटोरच्या त्या वतनाचं नाव तर फारच गोड आहे. लॅटिन 'अद्वोकातुस', म्हणजे मदतीला बोलावलेला. जर्मनांनी झिजवून त्याचा 'फोक्ट' केला, पोलिशांनी 'वुइत'. म्हणजे आपल्या कोर्टातला ॲडव्होकेट आणि क्राकूव्हचा वुइत सख्खे भाऊ. मुळातला 'वोकारे' हा 'वोक्स'चा, आवाजाचा. आणि संस्कृत 'वाच्' त्याच घराण्यातली. कुणी वुइतला 'वोयेवोदा'शी जोडू पाहील, तर ते चूक. वोयेवोदा सैन्य नेणारा, त्याचा बोलावण्याशी काय संबंध?

वुइत न्यायनिवाडा करायचा, दंडातला वाटा घ्यायचा, आणि त्यातून तो पुष्कळ बळावला. १३११-१२मध्ये क्राकूव्हचा वुइत आल्बर्ट ड्यूक वोकिएतेकवर उठला, हरला, आणि तिथलं वंशपरंपरागत वुइतपण गेलं. जर्मनभाषक बंडखोर ओळखायला 'सोचेवित्सा', म्हणजे मसूर, वगैरे पोलिश शब्द उच्चारायला लावले, असं तिथल्या बखरीत आहे. जर्मन जिभेची ती परीक्षा.

वुइत मात्र टिकला. आजच्या पोलंडमध्ये ग्रामीण 'ग्मिना'चा, म्हणजे स्थानिक स्वराज्याच्या सर्वांत लहान घटकाचा, निवडून आलेला प्रमुख वुइतच असतो, आणि 'ग्मिना'सुद्धा मुळात जर्मन 'गेमाइंडे'.