क्यूब्स ओएसवर लॅपटॉप रडतोय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न (विक्रोळी): आठ जीबी रॅमचा लॅपटॉप विंडोजवर बरा चालायचा. क्यूब्स ओएस टाकल्यापासून ब्राउझर उघडायलाच मिनिट जातं. लॅपटॉप बिघडलाय का?

बिघडलेला नाहीये. क्यूब्स ओएस सुरक्षेसाठी प्रत्येक काम वेगळ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे 'क्यूब'मध्ये, कोंडून ठेवते, त्यामुळे बिचाऱ्याच्या पोटात आता सहा-सात कॉम्प्युटर चालतायत. तुम्ही काहीही उघडायच्या आधीच डॉम-झिरो (सगळ्यांवर ताबा ठेवणारा मुख्य भाग), सिस-नेट (नेटवर्क सांभाळणारा), सिस-फायरवॉल आणि बहुतेक वेळा सिस-यूएसबी सुरू झालेले असतात, त्यावर तुमचे ऑफिसचे, बँकेचे, घरचे क्यूब, आणि प्रत्येकात वेगळं लिनक्स, म्हणजे चाळीच्या एका खोलीत सात बिऱ्हाडं. किमान रॅम ६ जीबी सांगितलेली असली तरी शिफारस १६ ची आहे, आणि माझ्या मते १६ च्या खाली रोजचं काम करूच नये.

पण पैसे घालायच्या आधी बघा तरी की खातंय कोण. डॉम-झिरोच्या टर्मिनलमध्ये 'झेनटॉप' चालवा, कुठला क्यूब किती सीपीयू आणि किती मेमरी घेतोय ते समोर दिसतं. साधा क्यूब डिफॉल्टला ४०० एमबीवर सुरू होतो आणि मागेल तसा ४००० एमबीपर्यंत फुगू शकतो, त्यामुळे वीस टॅब उघडे ठेवलेला एकच क्यूब बाकीच्यांना उपाशी मारतो. आणि बहुतेकांची चूक इथे होते, खिडकी बंद केली म्हणजे क्यूब बंद झाला असं वाटतं, तसं नाहीये, तो मागे चालूच असतो. क्यूब मॅनेजरमध्ये जाऊन शटडाऊन करा. हूनिक्स (टोरमधून निनावी इंटरनेट वापरायची सोय) वापरतच नसाल तर सिस-हूनिक्सचं आपोआप सुरू होणं बंद करा.

एवढं करूनही अडलं तर लॅमिंग्टन रोडला (मुंबईतला कॉम्प्युटरचा बाजार) जा, पण आधी तुमच्या मॉडेलची रॅम बोर्डावर सोल्डर केलेली नाही ना ते बघून घ्या, नाहीतर हेलपाटा फुकट.

प्रश्न (परळ, पत्रकार): व्हिडिओ अडखळतो, पंखा विमानासारखा ओरडतो. ग्राफिक्स ड्रायव्हर टाकू का?

ड्रायव्हरने काही होणार नाही. ग्राफिक्स कार्ड डॉम-झिरोकडे असतं, क्यूबना ते मिळतच नाही, आणि हे मुद्दाम केलंय, कारण सगळ्यांनी एकच कार्ड वापरलं तर एका क्यूबमधून दुसरीकडे घुसायला मोठी वाट मिळते. म्हणून व्हिडिओ उलगडायचं सगळं काम सीपीयूवर येतं. ७२० किंवा ४८० वर बघा, मोठा असेल तर उतरवून प्लेयरमध्ये लावा. त्या क्यूबच्या सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्डला व्हीसीपीयू (क्यूबला मिळणारे आभासी प्रोसेसर) डिफॉल्टला दोन असतात, ते चार करून बघा (प्रोसेसरला तेवढे कोअर असतील तरच).

आणि मे महिन्यात आपल्याकडे खोलीतच इतकं उकडतं की पंख्यात धूळ साचलेली असेल तर प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करतो. गादीवर ठेवून काम करू नका, पंखा साफ करून घ्या.

प्रश्न (डोंबिवली): मित्र म्हणतो 'एसएमटी ऑफ' ही सेटिंग काढून हायपरथ्रेडिंग (एकाच कोअरवर दोन कामं एकदम) चालू कर, वेग वाढेल. करू?

नको. अगदी कळकळीने सांगतो, नको. २०१८ मध्ये इंटेल प्रोसेसरमधला एलवन टर्मिनल फॉल्ट हा दोष बाहेर आला, एकाच कोअरवरचे दोन थ्रेड एलवन कॅश (कोअरजवळची छोटी, वेगवान मेमरी) वाटून घेतात आणि त्यातून एका क्यूबला दुसऱ्याचा डेटा वाचता येऊ शकतो, म्हणून क्यूब्सने ते बंद केलं. थोड्या वेगासाठी भिंतच पाडायची असेल तर साधं लिनक्स टाका, ते जास्त प्रामाणिक होईल.

प्रश्न (गिरगाव): वर्षभर छान चाललं, आता अचानक सगळंच मंद, क्यूब सुरूच होत नाहीत कधीकधी.

ट्रेमधलं डिस्कचं चिन्ह बघा, बहुतेक भरत आलेली असणार. नवीन फेडोरा टेम्प्लेट (ज्यावरून क्यूब चालतात तो लिनक्सचा साचा) टाकला आणि जुना तसाच ठेवला असं सगळ्यांचं होतं. पूल (क्यूबसाठीची डिस्कवरची जागा) पूर्ण भरला तर डेटा खराब होऊ शकतो, तेव्हा आजच बॅकअप घ्या, मग जुन्या टेम्प्लेटवर एकही क्यूब उरला नाही हे तपासून तो काढा. मोठ्या फायली उडवूनही जागा लगेच दिसली नाही तर घाबरू नका, मागचा स्नॅपशॉट (क्यूबची जुनी प्रत) ती जागा अजून धरून बसलेला असतो, तो क्यूब एकदोनदा बंद-चालू केला की सुटते.