काम आवडतं पण कंत्राटी आहे. नोकरी सोडून एमपीएससी करावी का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: मेकॅनिकल डिप्लोमा, वय २५, गाव हिंगोलीकडचं, चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हजेरीवर सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रॅमवर धातू कापणारं) मशीन चालवता. काम आवडतं. पण शेजारच्या मशीनवरचा परमनंट तेच काम करून तिप्पट पगार घेतो, त्यामुळे मन लागत नाही. घरचे म्हणतात, सोड ते आणि पुण्यात खोली घेऊन एमपीएससी कर.

माझं मत आधीच सांगतो. मशीन सोडू नका, ठेकेदार सोडा. आणि एमपीएससी निदान या कारणासाठी तरी करू नका.

मी याच पट्ट्यात मेंटेनन्सला आहे. सुरुवात ठेकेदाराकडूनच झाली, आता कंपनीच्या पटावर आहे. कंत्राटी आणि परमनंट, दोन्ही रंगांचे शर्ट अंगावर घालून झालेत, म्हणून हे लिहायचं धाडस करतोय.

तुमच्यासारखी बरीच मुलं माझ्या ओळखीची आहेत. आठ तास उभं राहणं, कूलंटचा वास, नाईट शिफ्ट यांना कंटाळून काम सोडलेली त्यांत फार कमी. खोलीवर रात्री जेवताना बोलणं निघतं ते वेगळ्याच गोष्टींचं. बसमध्ये आधी परमनंट बसणार. दिवाळीला त्यांच्या हातात बोनस आणि भेटवस्तू, आपल्या हातात मिठाईचा पुडा. मी होतो त्या कारखान्यात एक मुलगा दहा मायक्रॉनच्या टॉलरन्समध्ये (मापात एवढाच फरक चालतो) जॉब, म्हणजे सुटा भाग, काढायचा, रिजेक्शन जवळपास शून्य. सुपरवायझरला त्याचं नाव माहीत नव्हतं, हाक मारायची तर "ए कॉन्ट्रॅक्ट". लाईनला बक्षीस मिळालं तेव्हा फोटोला तो नव्हता. रिजेक्शन वाढलं की मात्र पहिला बोलावला जायचा तो. त्या मुलाला मशीन मनापासून आवडायचं. त्याला छळायचं ते हे वागणं. तुमच्या प्रश्नातलं "मन लागत नाही" हे वाक्य मला तिथलंच वाटतं, आणि ते अगदी रास्त आहे.

हा तुमचा हळवेपणा आहे असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. केंद्र सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीच्या आकड्यांप्रमाणे देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत आज दर १० कामगारांमागे सुमारे ४ ठेकेदारामार्फत आलेले आहेत. या शतकाच्या सुरुवातीला हे प्रमाण सुमारे २ होतं. म्हणजे तुम्ही आणि तो परमनंट यांच्यात हुशारीचा फरक असेलच असं नाही, बऱ्याचदा फरक असतो तो भरतीच्या वर्षाचा. तो आयटीआय करून अप्रेंटिस म्हणून आला, त्या वेळी कंपनी माणसं पटावर घेत होती. तुम्ही आलात तेव्हा ते दार बंद झालं होतं.

ते का बंद झालं हेही समजून घ्या. गाड्यांची मागणी खालीवर होते. ऑर्डर घटली की ठेकेदाराला एक फोन केला, पुढच्या सोमवारी ५० माणसं कमी. पटावरच्या माणसाला असं काढता येत नाही. दुसरं कारण आपल्या माणसांना बोलायला अवघड जातं. युनियन साधारण तीन-साडेतीन वर्षांनी वेतन करार करते, आणि तो करार असतो फक्त परमनंट कामगारांचा. त्यांचा पगार करारागणिक वाढतो, तुमचा किमान वेतनाच्या आसपास राहतो, आणि तिप्पट अंतर पडतं ते असं. ज्या युनियनने तुमच्यासाठी बोलायला हवं, तिच्या सभासदयादीत तुमचं नावच नसतं. मला याचं आजही वाईट वाटतं.

मग "ब्रेक" आहेच. सहा-सात महिने झाले की काही दिवस घरी बसवायचं आणि पुन्हा नव्या कार्डावर घ्यायचं. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांत (कारखान्यातल्या नोकरीच्या नियमांत) तात्पुरत्या कामगाराने बारा महिन्यांत २४० दिवस भरले की त्याला कायम करावं अशी तरतूद होती. त्या आकड्याच्या जवळ जाऊच द्यायचं नाही, ही रीत तिथून पडली. आपल्या राज्याच्या १९७१ च्या कामगार संघटना आणि अनुचित कामगार प्रथा कायद्यात तर कायमपणाचे हक्क नाकारण्यासाठी माणसांना वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवणं ही अनुचित प्रथा म्हणून नोंदलेली आहे. घटनेच्या अनुच्छेद ३९(घ) मध्ये समान कामाला समान वेतन आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांतही अट होती की काम सारखं असेल तर ठेकेदाराच्या माणसाला कंपनीच्या माणसाइतकं वेतन द्यावं. ऑक्टोबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंजाब सरकारच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांबाबत हेच तत्त्व ठामपणे मान्य केलं. एवढं सगळं लिहिलेलं असूनही तुमच्या मशीनवर ते पोचत नाही. त्याचं एक मोठं कारण असं की कोर्टात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "तुम्ही कंपनीचे कामगार आहात का?" सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या निकालांनंतर आधी तेच सिद्ध करावं लागतं, आणि त्यात वर्षं जातात. पंचविशीत एकट्याने त्या वाटेला जा, असं मी सांगणार नाही. दहा-वीस जण मिळून, अनुभवी संघटनेच्या मदतीने जात असतील तर जरूर सामील व्हा.

ठेकेदाराच्या या रांगेत उभं कोण आहे तेही बघा. मराठवाड्यातली, विदर्भातली, बिहार-ओडिशातली मुलं. घरी दोन-चार एकर कोरडवाहू, आणि फोन करून "जरा आमच्या पोराचं बघा" म्हणायला कुणी नाही. पटावरच्या जागा निघाल्या की बातमी आधी ओळखीत फिरते. जातीपातीचं कुणी उघड बोलत नाही, पण कुणाचे काका आत आहेत आणि कुणाचे नाहीत, हे शेवटी जुन्याच रेषांवर येऊन ठेपतं. तुमच्या वडिलांकडे असा फोन नंबर नाही, यात तुमचा काय दोष?

एमपीएससीचं आता थोडक्यात. लाखाच्या वर अर्ज, काही शे जागा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे लिहिण्याचा सराव वेगळा. खुल्या गटाला वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांना ४३, त्यामुळे "अजून एक अटेम्प्ट" म्हणत माणूस सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत तिशी ओलांडतो. खोली, मेस, क्लास यांचा खर्च घरच्या शेतीवर पडतो. जाहिरात कधी येईल, परीक्षा कधी पुढे जाईल, यातलं काहीच तुमच्या हातात नसतं. शिवाय कंत्राटीपणा सरकारातही शिरलाच आहे. खासगी एजन्सींमार्फत सरकारी पदं भरण्याचा शासन निर्णय २०२३ मध्ये निघाला होता, ओरड झाल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. तुम्हाला महसूल किंवा प्रशासनाचं कामच करायचं असेल तर गोष्ट निराळी. तसं वाटत असेल तर नोकरी चालू ठेवून सहा महिने रोज दोन तास वाचून बघा, ते टिकलं तर पुन्हा विचार करा. पण तुमच्या अख्ख्या प्रश्नात त्या कामाबद्दल एकही वाक्य नाही. आहे ते मशीनबद्दल.

म्हणून मी तुमच्या जागी असतो तर पुढचं वर्ष दीड वर्ष असं घालवलं असतं. आधी कागद. दर महिन्याची पगाराची स्लिप जपून ठेवा. पीएफचं पासबुक उघडून बघा, तुमचे १२ टक्के कापले जातात तसे मालकाचेही जमा होतात का. पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड हवंच, आणि त्याच मर्यादेत किमान ८.३३ टक्के बोनसही. ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळायला हवा. सिंगलने देऊन गप्प बसवणारे ठेकेदार भरपूर आहेत. ठेकेदाराने पगार बुडवला तर देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे जुन्या कायद्यात होतं आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांतही आहे. नियुक्तीपत्र देणं आता बंधनकारक आहे. नसेल तर लेखी मागा.

मग हाताचं काम. नुसतं ऑपरेटिंग करणारा माणूस ठेकेदाराला कधीही बदलता येतो, सेटिंग आणि प्रोग्रॅमिंग करणारा सहज बदलता येत नाही. ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) भरणं, टूल बदलणं, पहिला पीस पास करून घेणं, हे सेटरच्या, म्हणजे मशीन कामासाठी लावून देणाऱ्याच्या, मागे लागून शिका. पुढे फॅनुक किंवा सीमेन्स कंपनीच्या कंट्रोलवर (मशीन चालवणाऱ्या संगणकावर) स्वतः प्रोग्रॅम लिहा. मला मेंटेनन्समध्ये पटावरची जागा मिळाली ती पीएलसी (मशीनचं स्वयंचलित नियंत्रण करणारा छोटा संगणक) शिकल्यामुळे. शनिवार-रविवारचा क्लास होता आणि फी हप्त्याने भरली होती. छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम तुमच्या गावाहून पुण्यापेक्षा जवळ पडतं, तिथले छोटे अभ्यासक्रम बघा. डिप्लोमावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि नोकरी करणाऱ्यांसाठीही आता काही महाविद्यालयांत सोय झाली आहे, पण घरची ओढाताण असेल तर मी आधी कौशल्याकडे बघेन.

आणि मोठ्या नावाच्या गेटचा मोह थोडा बाजूला ठेवा. भोसरी, चाकण, तळेगावला वीस-तीस माणसांच्या मशीन शॉप आणि टूल रूम आहेत. मालक स्वतः शॉपवर असतो, नावाने हाक मारतो, चांगला सेटर हातचा जाऊ नये म्हणून पगार वाढवतो. सगळेच भले नसतात. काही ठिकाणी पीएफ वेळेवर भरत नाहीत, कॅन्टीन नाही, बस नाही. म्हणून मुलाखतीत स्पष्ट विचारा: हजेरी कुणाच्या नावावर लागणार, पीएफ कुणाच्या कोडवर जाणार, माझ्याच कामावरचे बाकीचे लोक कुणाकडून आहेत? हे विचारलं म्हणून कुणी तोंड वाकडं केलं तर तिथे जाऊ नका. नवी जागा लेखी मिळेपर्यंत जुनी सोडू नका.

घरच्यांचं मात्र मनावर घेऊ नका. "मुलगा परमनंट आहे का" हा प्रश्न सोयरिकीत पहिला येतो, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर कायमपणाचं एकच रूप आहे, सरकारी. त्यांना एकदा चाकणला आणा, खोली दाखवा, तुम्ही काढलेला एखादा जॉब कसा तयार होतो ते फोनवर दाखवा. सेटर आणि प्रोग्रॅमर यांना किती पगार मिळतो तेही त्यांच्यासमोर मांडा. माझ्या वडिलांशी असं बोलून झाल्यावर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

तुमच्या मशीनचा कंट्रोल कोणता आहे, सेटिंग तुम्ही स्वतः करता का आणि ठेकेदाराने आतापर्यंत ब्रेक दिलाय का, हे खाली लिहा. त्यावरून कुठल्या प्रकारच्या शॉपमध्ये आधी प्रयत्न करावा ते जरा नेमकं सांगता येईल.