इंग्लंडमधील मॅनिफोल्ड खोऱ्यातील छोट्या रेल्वेचा बार्शीशी काय संबंध?

दोन्ही मार्गांना जोडणारा दुवा म्हणजे अभियंते एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी रेल्वे 1897 मध्ये सुरू झाली आणि तिच्याच अनुभवावर स्टॅफर्डशायरमधील ‘लीक अँड मॅनिफोल्ड’ हा वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड असा सुमारे 13 किलोमीटरचा मार्ग 1904 मध्ये त्याच रुंदीचे रूळ टाकून उघडण्यात आला. फिकट पिवळे डबे आणि मोठे दिवे लावलेली इंजिने यांमुळे गाडी थेट हिंदुस्थानातून आल्यासारखी दिसे! रुंद रुळांवरचे वॅगन जसेच्या तसे उचलून नेणाऱ्या खास वाहक गाड्या, हे तिचे खरे वैशिष्ट्य. मात्र खोऱ्यात वस्ती विरळ आणि मालवाहतुकीचा मुख्य आधार दुधाचा. एक्टन येथील दुग्धशाळा 1932 मध्ये बंद पडल्यावर तो आधार गेला आणि 1934 च्या मार्चमध्ये रेल्वेही थांबली.

रूळ उखडले गेले, तरी मार्ग शिल्लक आहे: 1937 पासून तो पायवाट म्हणून खुला असून आता त्यावर सायकलीही चालतात. स्वेन्सली येथील छोट्या बोगद्यातून तर आज मोटारी जातात.